निरोपाआधीची शाल

सुगंधाबाई परब वर्गात शिकवत असल्या तरी थोड्या दुसरीकडेच असायच्या. मुलुंडच्या डोंगराच्या बाजूची ती मराठी शाळा, तळमजल्यावरचा पहिलीचा वर्ग, आणि खिडकीत भरून राहिलेला डोंगर. दुपार कलली की तो निळसर दिसू लागे, लांबच्या कारखान्याचा भोंगा पेंगुळलेल्या आवाजात वाजे, आणि फळ्यावर कमळ काढता काढता बाईंचा हात मध्येच थांबे. पोरांना ते पाठ झालं होतं. "बाई गावाला गेल्या," ती एकमेकांच्या कानात सांगत आणि बाई परत येईपर्यंत शहाण्यासारखी बसून राहत.

त्या कुठल्या गावाला जायच्या हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आता सांगायला हरकत नाही. सुगंधाबाई स्वतःच्या निरोप समारंभाला जायच्या.

हसण्यासारखं आहे, पण त्या शाळेत दिवस काढलेला माणूस हसणार नाही. तिथे चांगला शब्द ऐकायचा तर निवृत्त व्हावं लागे. जुने मुख्याध्यापक अंबादास सर देवमाणूस, पण कौतुकाच्या बाबतीत हात अगदी आखडता. तोंडावर वाखाणलं की माणूस डोक्यावर बसतो, असं त्यांचं पक्कं मत होतं. कुणी जीव तोडून स्नेहसंमेलन उभं केलं तरी सर चष्म्यावरून बघत आणि "हं" म्हणत. तो "हं" ज्याला मिळे तो चार दिवस हवेत असे. मग एखाद्याचं वय भरे, आणि शाळेला एकदम वाचा फुटे. हॉलमध्ये पताका लागत, मुख्याध्यापकांची खुर्ची पांढरी चादर घालून मधोमध ठेवली जाई, शाल आणि नारळ हातात येई, आणि ज्यांनी कधी "बसा" म्हटलं नव्हतं ते "शाळेचा आधारस्तंभ" म्हणून डोळे पुसत.

दर समारंभाला रांगोळी सुगंधाबाईंची आणि गाणंही त्यांचंच. गाता गाता त्या खुर्चीवरच्या माणसाकडे बघत. शिवणाच्या मथुराबाई निवृत्त झाल्या तेव्हा अर्धा तास त्या हरवल्यासारख्या बसल्या होत्या. खाली उतरल्यावर त्यांनी सुगंधाबाईंचा हात धरला. "गो सुगंधा," त्या म्हणाल्या, "ह्यां माका आधी कोणीच कसां सांगूक नाय?" आणि नारळ पिशवीत टाकून घरी गेल्या. ते वाक्य सुगंधाबाईंच्या मनात कायमचं जाऊन बसलं.

तेव्हापासून त्यांचं स्वप्न सुरू झालं. स्वप्नात त्या जांभळी पैठणी नेसलेल्या असत. आयुष्यात पैठणी घेतली नव्हती, पण स्वप्नाला काय खर्च! एकेक जण उठून बोलत असे आणि त्या मान खाली घालून ऐकत. भाषणं मोठी छान असत, कारण ती त्यांची त्यांनीच रचलेली होती.

त्र्याऐंशी साली अंबादास सर निवृत्त झाले आणि कुंडलिक मोहिते म्हणून सांगलीकडचे नवे मुख्याध्यापक आले. उंच, लाजरा माणूस. बायको-मुलं अजून गावी, हे एकटे खोली घेऊन राहिलेले. शिक्षक त्यांच्याकडे सहीपुरते जात आणि सही झाली की परत फिरत.

त्याच वर्षी शाळेवर संकट आलं होतं. रस्त्यापलीकडे नवी इंग्रजी शाळा निघाली आणि मराठी घरातली पोरंसुद्धा गळ्यात टाय बांधून तिकडे जाऊ लागली. पहिलीची एक तुकडी बंद पडणार अशी कुजबुज होती. तुकडी गेली की शिक्षक सरप्लस. सरप्लस झालेल्याची नोकरी जात नसे, पण जिथे जागा असेल तिथे, पार मुंबईच्या दुसऱ्या टोकालाही, जावं लागे, आणि नव्या शाळेत नाव पडे ते "सरप्लसच्या बाई". ह्या वयात आपल्यावर ते नाव पडेल ह्या विचाराने सुगंधाबाई हजेरीपटावरची नावं पुन्हा पुन्हा मोजत.

जानेवारीत एका सकाळी त्या पाणी प्यायला स्टाफरूममध्ये गेल्या, तर माठामागे नारळ. शेंडी राखलेला, नीट सोललेला. पूजा नाही, सण नाही, ह्या वर्षी कुणाचं वय भरत नाही. मग नारळ कशाला? तेवढ्यात चंदू शिपाई आत आला, बाईंना बघून दचकला आणि कपाटाचं दार पाठीने लोटून उभा राहिला. दाराच्या फटीतून शालीची झालर बाहेर लोंबत होती.

"कुणासाठी रे, चंदू?"

"कुणासाठी नाय, बाई. आपलं असंच आणलंय."

असंच कुणी शाल आणतं का? निरोपाची तयारी ह्या शाळेत आजवर त्यांनीच केली होती. पताका कधी आणायच्या, नारळ कुठे लपवायचा, हे चंदूला त्यांनीच शिकवलेलं. आणि ह्या वेळी त्यांनाच कुणी काही विचारत नव्हतं. त्या खोलीत शिरल्या की बोलणं थांबे. शेजारच्या वर्गाच्या जयाबाई, ज्यांचं तोंड परीक्षेच्या वेळीही बंद नसे, त्यासुद्धा वह्यांत डोकं खुपसून बसत. सुगंधाबाईंनी दोन आणि दोन चार केले. तुकडी गेली.

संध्याकाळी नवरा, राजाराम, कारखान्यातून आला. चहाची कपबशी त्याच्यापुढे ठेवत त्या म्हणाल्या, "माका सरप्लस केल्यानी."

"कोणी सांगल्यान?"

"सांगूक कित्याक होया? शाल इली हा."

राजारामाने बशीतला चहा फुंकला. "मगे सरांका इचार ना सरळ."

"आणि इचारलंय नि खरां निघालां तर?"

राजारामाने चहा संपवून कप बशीत ठेवला. मग म्हणाला, "खंयव गेलंस तरी पोरां पोरांच असतली गो." त्यांना ते पटलं आणि तरीही रडू आलं.

पुढचे काही दिवस बाईंनी शाळा अशी बघितली की जणू त्या आधीच गेल्या होत्या आणि मागे फक्त त्यांचे डोळे राहिले होते. सकाळचं कोवळं ऊन तिरकं आत येई आणि त्यात खडूची धूळ तरंगत राही. ती इतकी सुंदर दिसते हे इतक्या वर्षांत त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. डोंगरावरून धूर निघे, कुणीतरी गवत पेटवलेलं असे. त्या बाकांवरून हात फिरवत. एका बाकावर कुणीतरी कर्कटकाने मासा कोरला होता, तो बघून त्यांनी पूर्वी कपाळाला हात लावला होता. आता तोच मासा त्यांना जवळचा वाटला. स्वप्न मात्र बंद झालं होतं. जांभळी पैठणी, भाषणं, सगळं पळालं. वय भरून जाताना मिळणारं कौतुक आणि काढल्यावर मिळणारं कौतुक ह्यात फरक असतो, आणि तो त्यांना कळत होता.

शनिवारी सकाळची शाळा. प्रार्थना झाल्यावर सगळ्यांना हॉलमध्ये थांबायला सांगितलं. पताका लागल्या होत्या. चादर घातलेली खुर्ची मधोमध होती. जयाबाईंनी हाताला धरून त्यांना त्या खुर्चीवर बसवलं आणि मोहिते सर बोलायला उभे राहिले.

माइक खरखरत होता. सरांचा आवाज आधीच लहान. पण माइक चांगला असता तरी उपयोग नव्हता, कारण बाई ऐकतच नव्हत्या. त्या मनातल्या मनात एकेकाचा निरोप घेत होत्या. खिडकीचा घेतला, डोंगराचा घेतला, कोरलेल्या माशाचा घेतला. खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला, टाळ्या झाल्या. मग त्या उठल्या आणि माइकजवळ गेल्या.

"इतकी वर्षं सांभाळून घेतलंत," त्या म्हणाल्या. "चूकभूल पोटात घाला. नव्या बाईंना एवढंच सांगा, पहिलीच्या पोरांना ओरडू नका. ती मुळात गरीब आहेत." मग कमरेला खोचलेली वर्गाच्या कपाटाची किल्ली काढून त्यांनी सरांच्या हातावर ठेवली. "येते मी."

सर किल्लीकडे बघत राहिले. "कुठं निघालात, बाई?"

"तुम्ही पाठवाल तिथं."

"आम्ही कशाला पाठवू? अहो, आज तुमचं कौतुक आहे."

"हो ना," बाई म्हणाल्या. "म्हणजे निरोपच की."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. पण ते हसू तिथेच विरलं. मोहिते सरांचा चेहरा असा उतरला होता की बघवत नव्हतं. त्यांनी शिक्षकांकडे पाहिलं. "ह्या शाळेत माणूस जाताना सोडून कधीच कुणी चांगलं बोलत नाही का?" त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता तो, खरंच विचारत होते. जयाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"तुकडी राहिली आहे, बाई," सर हळू आवाजात म्हणाले. "परवाच कळलं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

कोण सांगणार? गुपित फुटेल म्हणून सगळे त्यांच्यापासून दूर पळत होते, आणि त्या भानगडीत खरी आनंदाची बातमी सांगायची राहून गेली होती. "अगं, मला वाटलं हिनं सांगितलं असेल," जयाबाई शेजारच्या बाईंकडे बघत पुटपुटल्या. अशी ही शिकलेली माणसं.

सुगंधाबाई शाल सावरत वर्गात आल्या. पोरं हारीने बसली होती. त्यांनी खडू घेतला आणि फळ्यावर कमळ काढायला लागल्या. तेवढ्यात मोहिते सर दारात आले आणि त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "गावाकडं शर्यतीत कुणाचा बैल जिंकला तरी आम्ही फेटा बांधतो. मला वाटलं, इथं शाल घालत असतील."

बाईंनी खडू खाली ठेवला. मग धीर करून म्हणाल्या, "सर, एक विचारू? तिथे तुम्ही माझ्याबद्दल काय बोललात?"

"ऐकलं नाहीत?"

"एक अक्षर नाही."

सर कानापर्यंत लाल झाले. एकदा बोलायलाच त्यांना रात्रभर तयारी करावी लागली होती. पण ते आत आले आणि पोरांच्या बाकावर बसले. गुडघे छातीशी आले.

"माझं ऑफिस ह्या भिंतीपलीकडं आहे," ते म्हणाले. "जूनमध्ये आलो तेव्हा इथं कुणी ओळखीचं नव्हतं. सकाळी ह्या वर्गातून नुसतं रडणं ऐकू यायचं. मला वाटायचं, आता बाई ओरडतील. तुम्ही ओरडायचा नाहीत. तुम्ही एकेकाला विचारायचा, घरी कोण कोण आहे? मग ते पोरगं हुंदके देत सांगायचं, आई आहे, आजी आहे, मांजर आहे. तुम्ही विचारायचा, मांजर आत्ता काय करत असेल? आणि सांगता सांगता पोरगं रडायचं विसरायचं." सर थांबले. "एके दिवशी तुम्ही कुणाला तरी विचारलंत, घरी कोण कोण आहे, आणि भिंतीपलीकडं मीच मनात उत्तर दिलं. बायको आहे, दोन पोरं आहेत, म्हातारी आहे, म्हैस आहे. म्हैस आत्ता काय करत असेल हेसुद्धा आठवलं. त्या दिवसापासून मला ह्या शाळेत बरं वाटायला लागलं. हॉलमध्ये ह्यातलं निम्मंच बोललो. म्हशीचं बोलायची लाज वाटली."

स्वप्नातल्या कुठल्याही भाषणात हे नव्हतं. बाईंनी स्वतःसाठी आधारस्तंभ, त्यागमूर्ती असे मोठमोठे शब्द जमवून ठेवले होते, आणि भिंतीपलीकडे कुणी ऐकत असेल हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. त्यांना मथुराबाई आठवल्या. मग मात्र त्यांना आवरेना. त्या खुर्चीवर बसल्या, नवी शाल डोळ्यांना लावली आणि पोरांदेखत रडल्या.

बाई रडतात हे पोरांनी कधी बघितलं नव्हतं. पहिल्या बाकावरची शेवंती, गाजराएवढी पोर, उठली. टेबलाशी येऊन तिने बाईंचा हात हलवला.

"बाई," ती म्हणाली, "घरी कोण कोण आहे?"

त्यानंतर मोहिते सरांनी भरल्या शाळेत कुणाला शाल घातली नाही. ते अधूनमधून एखाद्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसत आणि जाताना जे दिसलं ते एका वाक्यात सांगून जात. सुरुवातीला शिक्षकांना घाम फुटे, मग ते वाट बघू लागले. बाईंची शाल घरी ट्रंकेत गेली नाही. ती वर्गाच्या कपाटात राहिली आणि ताप आलेल्या, झोप अनावर झालेल्या पोरांच्या अंगावर पडत राहिली. दशक सरेतो तिची झालर पार झडून गेली.

मग बाईंचं वय भरलं. पताका लागल्या, खुर्ची मधोमध आली, एकेक जण उठून बोलू लागला. सगळे मनापासून बोलत होते. बाई साध्या सुती साडीत बसल्या होत्या आणि हॉलच्या खिडकीतून निळसर डोंगराकडे बघत होत्या. जयाबाईंचं भाषण ऐन रंगात आलं होतं तेव्हा पुढे मांडी घालून बसलेल्या पहिलीच्या पोरांमधलं एक जण शेजारच्याच्या कानाला लागलं.

"बाई गावाला गेल्या," ते म्हणालं.

त्या फार लांब गेल्या नव्हत्या. खालीच, पहिलीच्या वर्गात होत्या, आणि मोहिते सर गुडघे छातीशी घेऊन म्हशीबद्दल सांगत होते.