नाव वगळण्याबाबत

मी प्राथमिक शिक्षक होतो. म्हणजे सरकारच्या लेखी निम्मा शिक्षक आणि निम्मा निवडणुकीचा माणूस. यादीची फेरतपासणी असो, मतदान असो की मतमोजणी, माणूस कमी पडला की शाळेकडे बोट. माझे सहकारी या कामाच्या नावाने बोटं मोडायचे. आदेश आला की एकेकाची कंबर धरायची, कुणाच्या घरी ऐन वेळी लग्न निघायचं. मला मात्र हे काम मनापासून आवडायचं. नियम वाचायची मला पहिल्यापासून खोड. केंद्राध्यक्षांना देतात ती पुस्तिका मी इतक्यांदा वाचली होती, की प्रशिक्षणाला साहेब एखाद्या कलमावर अडले तर मागच्या बाकावरून मी सांगायचो, आणि साहेबांचा चेहरा पडायचा. बायको म्हणायची, "लोकांकडे सकाळी पोथी वाचतात, आमच्याकडे निवडणुकीचे नियम."

डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रस्त्यापासून जरा आत, तिसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. मतदानाच्या दिवशी मी नेहमी कुठेतरी लांब ड्यूटीवर असायचो, कधी शहापूरकडे, कधी मुरबाडकडे, आणि ती इकडे एकटीच सकाळी साडेसातला, केंद्राचं दार उघडल्या उघडल्या मत देऊन यायची. घरी आलो की मी विचारायचो, कुणाला दिलंस? ती भाकरी थापता थापता म्हणायची, "अहो, मतदान गुप्त असतं. तुम्हीच सांगता ना?" एवढ्या वर्षांत तिने मला एकदाही सांगितलं नाही. मीही अर्धवट रागावून अर्धवट खूश व्हायचो.

नव्वद साल नुकतंच उलटलं होतं तेव्हा ती गेली. तीन आठवड्यांचं आजारपण झालं. तिच्या भावाने दहाव्या-बाराव्याच्या धावपळीतच रेशनकार्डावरचं तिचं नाव कमी करून आणलं. त्याने चांगल्या मनाने केलं, माझी खेप वाचवली. पण ते कार्ड हातात घेतल्यावर मला त्याचा इतका राग आला की चहासुद्धा विचारला नाही. हळूहळू सगळीकडून ती कमी होत गेली. दूधवाल्याने अर्धा लिटर कमी केलं. शेजारच्या बायका हळदीकुंकवाला हाक मारायला यायच्या, त्या यायच्या थांबल्या. त्यात त्यांची काय चूक?

पुढच्या वर्षी मतदार यादीची फेरतपासणी निघाली आणि आमचाच भाग मला मिळाला. हे काम असं असतं : जुनी यादी घेऊन घरोघर जायचं, यादीतला माणूस तिथे राहतो का ते पाहायचं, नवीन नावं घ्यायची आणि जी नावं काढायची त्यांच्यापुढे लाल शाईने तीनपैकी एक शब्द लिहायचा. मयत, स्थलांतरित किंवा दुबार. दुबार म्हणजे दोनदा आलेलं. चौथं कारण कायद्यात नाही. मी चोख काम करायचो. बाकीचे एका जागी बसून चार बिल्डिंगा भरायचे. मी एकेक जिना चढायचो.

गावठाणात एक आगरी म्हातारी होती. आमच्या आजूबाजूच्या निम्म्या इमारती ज्या शेतावर उभ्या राहिल्या ते शेत तिच्या घरचं. नवरा वारून वर्ष झालं होतं. मी लाल पेन काढलं तशी ती म्हणाली, "गुरुजी, ऱ्हाव द्या की नाव त्यांचा. तुमचा काय जातंय?" मी तिला पंधरा मिनिटं समजावलं. मेलेल्या माणसाचं नाव यादीत राहिलं की त्या नावावर दुसरा कुणीतरी मत देऊन जातो, मग खऱ्या मतदाराच्या मताची किंमत काय राहिली, वगैरे. सगळं बरोबरच होतं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, बरं बाबा, लिव्ह. मी लिहिलं.

त्याच संध्याकाळी मी माझ्या घराचं पान काढून बसलो. घर क्रमांक. माझं नाव, वय एकाने वाढवून. खालच्या ओळीत तिचं नाव, पतीचं नाव म्हणून पुन्हा मीच, स्त्री, वय त्रेचाळीस. लाल पेन खिशात होतं. ते मी काढलं नाही. निळ्याने त्रेचाळीसचे चव्वेचाळीस केले आणि वही मिटली.

यात काही मोठा विचार नव्हता. हात झाला नाही, एवढंच. पण एकदा सोडलेली गोष्ट पुढच्या वेळी सुधारायची म्हणजे आधीची चोरी कबूल करायची. पुढच्या फेरतपासणीत मी पुन्हा तिचं वय वाढवलं. यादीत ती पंचेचाळिशीची झाली, मग सत्तेचाळिशीची. छापील यादी शाळेच्या व्हरांड्यात लावत, तेव्हा मुलं घरी गेली की मी जाऊन ते पान बघून यायचो. एकाखाली एक दोन ओळी. आमच्या घरात दोन माणसं राहतात असं सांगणारा तेवढा एकच कागद जगात उरला होता, आणि तोही माझ्या खोटेपणामुळे. घरी मी एकटा जेवायचो, एकटाच बातम्या ऐकायचो, कुकरमध्ये एकच भांडं लावायचो. रविवार तर खायला उठायचा. तरी ते पान बघून आलो की दोन-तीन दिवस बरे जायचे. आता लिहिताना हसू येतं, तेव्हा येत नव्हतं.

मग आमच्या शहराच्या महापालिकेची निवडणूक लागली. महापालिका होऊन बरीच वर्षं झाली होती, पण कारभार प्रशासक बघायचा. लोकांनी नगरसेवक निवडायची ही पहिलीच वेळ. ही निवडणूक राज्याच्या कायद्याने होते. पण मतदार यादी वेगळी करत नाहीत. विधानसभेचीच यादी प्रभागाप्रमाणे फोडून घेतात. जे नाव तिथे आहे ते इथे आलंच, आणि महापालिकेच्या निवडणूक अधिकाऱ्याला ते कापायचा अधिकार नाही. प्रशिक्षणात हा मुद्दा मीच उभा राहून समजावून सांगितला. सांगताना आमच्या घराचं पान डोळ्यांपुढे आलं, पण माझ्याकडे कोण बघतंय?

त्या वर्षी मला राखीवमध्ये ठेवलं होतं. सगळी पथकं आपापल्या केंद्रावर पोहोचली म्हटल्यावर आम्हाला सोडून दिलं. कित्येक वर्षांनी मतदानाच्या दिवशी मी घरी होतो. धुतलेला सदरा घातला आणि अकराच्या सुमाराला आमच्या केंद्रावर गेलो. रांग फार नव्हती. पहिला मतदान अधिकारी तरुण होता, कुठल्यातरी माध्यमिक शाळेतला. त्याने माझी चिठ्ठी घेतली, क्रमांक आणि नाव मोठ्याने वाचलं, समोर बसलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींनी आपापल्या यादीत खूण केली. मग त्याने पट्टी लावून माझ्या नावाखाली रेघ मारली.

खालच्या ओळीला आधीच रेघ होती. शिवाय क्रमांकाच्या डावीकडे बरोबरची खूण. पुरुषाने मत दिलं की नुसती रेघ मारायची, बाईने दिलं की रेघ आणि ही खूण. हे मी शेकडो लोकांना शिकवलं होतं.

माझी नजर तिथे खिळलेली पाहून तो मोकळेपणाने म्हणाला, "तुमच्या मिसेस सकाळीच येऊन गेल्या. पहिल्या पाचात होत्या."

मी मेल्याहून मेल्यासारखा झालो. पण त्याआधी, अगदी क्षणभर, मला बरं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. ती आली, साडेसातला आली, नेहमीसारखी देऊन गेली, असं वाटलं, आणि मी तोंड उघडून त्याला विचारलं, "कशा दिसत होत्या?"

तो गोंधळला. मागच्याने मला हलकेच पुढे सरकवलं. बोटाला शाई लागली, मतपत्रिका हातात आली, पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेलो. तिथे किती वेळ उभा होतो कोण जाणे. शिक्का कुठे मारला तेही आठवत नाही. बाहेर आलो आणि सरळ केंद्राध्यक्षांच्या टेबलाशी जाऊन म्हटलं की अमुक क्रमांकावर झालेलं मतदान खोटं आहे, सकाळी आलेली बाई माझी बायको नव्हती.

ते मला प्रशिक्षणामुळे ओळखत होते. त्यांनी शांतपणे विचारलं, मग तुमच्या मिसेस कुठे आहेत? त्यांना बोलवा. खऱ्या मतदार त्या असतील तर त्यांना प्रदत्त मतपत्रिका देता येईल. तसा नियम आहेच; आपलं मत कुणीतरी आधीच देऊन गेलं तर खऱ्या माणसाला वेगळी मतपत्रिका देतात, ती पेटीत न टाकता पाकिटात ठेवतात. मला तो नियम कलमासकट पाठ होता. पण शब्द तोंडाशी आला आणि तिथेच बसला. समोरच्या बाकावरचे प्रतिनिधी आपापल्या यादीत डोकं खुपसून बसले. त्यांच्यातल्या निदान एकाला तरी ठाऊक असणार, कारण मेलेल्यांची नावं सगळ्यात आधी पक्षवाल्यांना माहीत असतात. केंद्राध्यक्ष खालच्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, या भागाची यादी तुम्हीच केलीत ना?"

मी बाहेर पडलो. पेटीत पडलेली मतपत्रिका कुणाची हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही, तेव्हा ते मत मोजलंच गेलं असणार. जिने आपलं मत कधी मला सांगितलं नाही, तिच्या नावाने कुणीतरी परक्या बाईने शिक्का मारला होता, आणि तिला दार मी उघडून दिलं होतं. घरी येऊन मी खूप रडलो. ती गेली तेव्हा लोक होते, तेव्हा इतकं रडता आलं नव्हतं.

आठवड्याने नाव वगळण्याचा अर्ज भरला. त्या अर्जाला कायद्यात आक्षेप म्हणतात. आक्षेप घेणाऱ्याचं नाव : माझं. ज्या नावाला आक्षेप आहे ते नाव : तिचं. ‘कारण’ या रकान्याशी येऊन पेन थांबलं. बऱ्याच वेळाने मी लिहिलं, ‘सोबतच्या दाखल्याप्रमाणे’. मृत्यूचा दाखला टाचणीने लावला आणि कल्याणला तहसील कार्यालयात देऊन आलो. दुसऱ्या कुणी असा अर्ज आणला असता तर मी त्याला परत पाठवलं असतं. कारण स्पष्ट लिहा, म्हटलं असतं.

महिन्याभराने पोस्टमन आला. लिफाफ्यावर तिचं नाव होतं. तिच्या नावाने टपाल येऊन किती वर्षं झाली होती. आत छापील नोटीस होती : आपले नाव मतदार यादीतून का वगळण्यात येऊ नये याबाबत आपले म्हणणे समक्ष हजर राहून मांडावे; गैरहजर राहिल्यास आपले काही म्हणणे नाही असे समजून निर्णय घेण्यात येईल. मी आधी भडकलो. मयत माणसाला नोटीस काढायची नसते, एवढंही यांना कळत नाही? मग लक्षात आलं. दाखला कुठेतरी सुटून पडला असणार, आणि अर्जात कारण नव्हतं. कारण नसेल तर त्या माणसाला विचारल्याशिवाय नाव काढता येत नाही. कायदा त्यांनी बरोबर पाळला होता. चुकलो मी.

नेमल्या दिवशी दाखल्याची दुसरी प्रत घेऊन कल्याणला गेलो. कचेरीच्या बोळात बाकांवर दहा-पंधरा माणसं होती. माझं नाव पुकारलं, मी हजर म्हणून आत गेलो. नायब तहसीलदार वयाने माझ्याएवढेच असतील. मी काही बोलायच्या आत शिपाई दारात गेला आणि त्याने तिचं नाव पुकारलं. माझ्या नावासकट, आडनावासकट, खड्या आवाजात. मी साहेबांकडे पाहिलं. ते कागदातून मान वर न काढता म्हणाले, तीनदा पुकारावं लागतं, पद्धत आहे.

दुसऱ्यांदा पुकारलं. बोळातली माणसं एकमेकांकडे पाहू लागली, कोण आहे ही बाई, ओ का देत नाही. घरात मी तिला कधी नावाने हाक मारली नव्हती, नुसतं ‘अगं’ म्हणायचो. तिचं पूर्ण नाव इतक्या मोठ्याने मी प्रथमच ऐकत होतो. तिसऱ्यांदा पुकारलं तेव्हा मी दाराकडे वळून पाहत होतो.

"गैरहजर," शिपाई म्हणाला.

कारकुनाने लिहायला घेतलं. मला उलटं दिसत होतं, पण कचेरीचं अक्षर मला उलटंही वाचता येतं. पुकारा करूनही गैरहजर, सबब काही म्हणणे नाही.

"तसं लिहू नका," मी म्हटलं.

साहेबांनी आता मान वर केली. "मग काय लिहायचं, गुरुजी?"

बाहेर बोळात कुणीतरी खोकत होतं. मी हातातला दाखला टेबलावर ठेवला.

"मयत," मी म्हटलं. "मयत लिहा."

कारकुनाने आधीच्या ओळीवर काट मारली, लाल पेन शोधलं आणि लिहिलं. मग कागद माझ्याकडे वळवून त्याने सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.