विंगेत चालणारा लॅपटॉप

आमच्या नाटक कंपनीत प्रॉम्प्टरचं काम करणाऱ्या बाईला सगळे चाहूल म्हणत. तिचं पाळण्यातलं नाव तिच्या नवऱ्यालाही बहुधा आठवून सांगावं लागत असे. बिचारा आता हयात नाही, नाहीतर त्यालाच विचारलं असतं. चाहूल हे नाव मात्र तिला शोभून दिसे. ऐन रंगात वाक्य घशात अडकावं, समोर हजार डोळे रोखलेले असावेत, आणि मानेमागे कुणीतरी आल्याचा भास व्हावा. पुढच्या क्षणी वाक्य कानात! मागे वळून बघावं तर नुसता पडदा हलतोय.

इतर प्रॉम्प्टर विंगेत खुर्ची टाकून बसतात. चाहूल चालायची. नट रंगमंचावर डावीकडून उजवीकडे निघाला की ही नेपथ्याच्या मागून, दोऱ्यांखालून वाकत, लाकडी टेकूंवरून पाय उचलत त्याच्या बरोबरीनं निघे. डाव्या हातावर उघडी संहिता तान्ह्या बाळासारखी धरलेली, उजवा हात चाचपडायला मोकळा. तिची कुजबूज नटाला ऐकू जायची आणि पहिल्या रांगेला नाही. मी तिच्या भरवशावर पंचवीसेक वर्षं राजे, सेनापती आणि दोनदा यमराजही झालो. ती मला अजून राजे म्हणते. "राजे तुम्ही," ती म्हणायची, "राज्य माझ्या हातावर."

मी रंगमंच सोडला, ती विंगेत राहिली. आणि एका दुपारी ती आमच्याकडे आली ती थेट मुद्द्यावर.

"राजे, लॅपटॉप घ्यायचाय. बरोबर चला."

"तुला? लॅपटॉप?"

"मला नाही तर काय तुमच्या यमराजाला?"

झालं होतं असं. कंपनीत नवी दिग्दर्शिका आली होती, हुशार आणि प्रेमळ पोर. तिच्या पहिल्या नाटकाचा लेखक प्रयोगाच्या दुपारपर्यंत वाक्यं बदलायचा. कागदावर खाडाखोड, खाडाखोडीवर बाण, बाणावर फुली. विंगेतल्या त्या अंधुक निळ्या दिव्यात चाहूलला ते दिसेना. दोनदा तिनं खोडलेलंच वाक्य पुरवलं आणि नायिकेनं मेलेल्या सासऱ्याला चहा विचारला. प्रेक्षक खूश झाले, दिग्दर्शिका नाही. ती चाहूलला म्हणाली, "मावशी, नटांच्या कानात बसवायची यंत्रं मिळतात. वर दिव्यांच्या खोलीत बसून कुणीही वाचेल. पण मला तुम्ही हव्या आहात. आता त्याच लेखकाचं नवं नाटक येतंय, त्याच्या रंगीत तालमीपर्यंत काहीतरी जमवा."

म्हणजे रंगीत तालमीत जमलं तर चाहूल विंगेत, नाही तर घरी.

दुकानात जाताना आम्ही तिघं होतो. तिसरी चाहूलची नणंद. दोघी एकाच घरात राहतात आणि एकमेकींशिवाय त्यांना अन्न गोड लागत नाही, हे त्या मरेपर्यंत कबूल करणार नाहीत. नणंदेचा जन्म नाट्यगृहाच्या तिकीट खिडकीत गेला, त्यामुळे जगातली प्रत्येक गोष्ट ती खुर्च्यांच्या हिशेबात बघते. घरातल्या पैशांच्या किल्ल्याही तिच्याचकडे.

दुकानात एका भिंतीला फ्रिज उभे, मधे कपडे धुण्याची यंत्रं, आणि उंच टेबलावर लॅपटॉप जबड्यांसारखे उघडे. विक्रेता तरुण होता, टाय लावलेला.

"काकू, वापर कशासाठी?"

"कुजबुजायला," चाहूल म्हणाली.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याला सगळं समजावलं, जरा अभिनयासहित. मुलगा गुणी निघाला. हसला, पण कामाचे प्रश्न विचारले. चार्जर लावून चालेल का? नाही, विंगेत वायर सोडली तर नायिका तोंडावर पडेल. आवाज? अजिबात नको. वजन? एका हातावर तीन अंक.

मला मात्र टेबलाच्या टोकाचा लॅपटॉप आवडला. काय रुबाब! कळांखाली लाल दिवे, अंगानं पैलवान. "यावर सिनेमासुद्धा कापून जोडता येतो," विक्रेता म्हणाला.

"हाच घे," मी म्हणालो. "याच्यात नायक होण्याचे गुण आहेत."

चाहूलनं तो हातावर घेतला आणि एका बाजूला झुकली. "राजे, हा घेऊन मी चालले तर दुसऱ्या अंकात तुम्हाला स्ट्रेचर आणावं लागेल." मग तिनं त्याला कान लावला. आतला पंखा फिरत होता. "शिवाय हा घोरतो."

"पण वहिनी, पडदा बघ केवढा!" नणंद म्हणाली. "पैसे मोजायचेच तर मोठा घ्यावा. तिकीट तेवढंच असेल तर पुढची खुर्ची कोण सोडतं?"

"वन्सं, खुर्ची उचलून चालायचं असेल तर मागचीच बरी."

दुसरा इतका पातळ, की तो बंद केल्यावर टेबलावर आहे की गेला ते कळेना. चाहूलच्या हातावर तो पिसासारखा बसला. तिचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं झालं काम. तेवढ्यात नणंदेनं किमतीची चिठ्ठी वाचली आणि ती जवळच्या धुण्याच्या यंत्रावर बसली.

"पाणी आणू का मावशी?" विक्रेत्यानं विचारलं.

"पाणी नको. तो आधी झाक."

तिसरा स्वस्त होता. नणंद यंत्रावरून उतरली. हलका होता, मुका होता, सगळं जमून आलं होतं. चाहूलनं पेन ड्राइव्ह लावला, त्यात आमच्या जुन्या गाजलेल्या नाटकाची टंकलेली प्रत होती. पडद्यावर एक गोल चक्र फिरू लागलं. फिरलं, फिरलं. आम्ही तिघं आणि विक्रेता, चौघं त्याच्याकडे बघत राहिलो.

"नायिकेनं विष घेतलं," चाहूल हळूच म्हणाली. "मेली. पडदा पडला. प्रेक्षक घरी जाऊन जेवले. हा अजून फिरतोय."

मग विक्रेता आत जाऊन एक राखाडी रंगाचा, तेरा इंची लॅपटॉप घेऊन आला. "हा मागच्या वर्षीचा आहे, म्हणून किंमत उतरली. कामाला चपळ. बॅटरी तुमच्या दोन प्रयोगांना पुरेल. पैलवान नाही आणि पीसही नाही. फक्त एक सांगतो काकू, पडदा लहान आहे. अक्षरं मोठी केलीत तर ओळी थोड्या दिसतील. नीट वाचून बघा."

"वाचून काय, चालूनच बघते," चाहूल म्हणाली.

आणि मग, वाचकहो, त्या दुकानात जे झालं त्याला प्रयोग हाच शब्द आहे! चाहूल लॅपटॉप हातावर घेऊन फ्रिजच्या रांगेमागे गेली. मी धुण्याच्या यंत्रांच्या मधे उभा राहिलो, छाती भरून घेतली आणि गरजलो, "कोण आहे रे तिकडे? मशाली पेटवा!" दुकानातली सगळी गिऱ्हाइकं वळली. मी डावीकडे चाललो, फ्रिजमागून ती चालली. मी उजवीकडे वळलो, ती वळली. तिसऱ्या वाक्यावर मी गडबडलो, वय झालं. दोन फ्रिजच्या फटीतून कुजबूज आली, "ज्या हातांनी मुकुट घातला..." आणि मी सुटलो! मिक्सर घ्यायला आलेल्या एका बाईनं खोक्यावर हात आपटून दाद दिली. कुणीतरी वन्स मोअर म्हटलं. दुकानाचा मालक बाहेर आला, त्याला वाटलं भांडण लागलं. मी त्याच्याकडे बोट रोखून पुढचं वाक्य फेकलं, "पकडा त्याला!" तो खरोखर दोन पावलं मागे सरला.

नणंद हसून हसून डोळे पुसत होती. त्याच हातानं तिनं पर्स उघडली. लॅपटॉप घेतला. एका मिनिटात सगळ्यांना सगळं मिळालं, चाहूलला वजन, मला चपळाई, नणंदेला किंमत. आम्ही लग्नाहून परतावं तसे घरी आलो.

दुसऱ्या दिवशी नव्या नाटकाची संहिता आली. मी सहज डोकावलो तर चाहूल टेबलाशी लॅपटॉप पुढे-मागे सरकवत बसलेली.

"काय गं, बिघडला?"

"तो नाही बिघडला. राजे, दुकानात मी वाचतच नव्हते."

"मग काय करत होतीस?"

"ते नाटक मला तोंडपाठ आहे हो! मी नुसती पडद्याकडे बघत होते. तोंड आपलं आपण चाललं होतं."

नणंदेच्या तोंडचा चहा फुर्रकन बाहेर आला. मी हसलो, चाहूल हसली, आम्ही हसता हसता खुर्च्यांवरून घसरलो. इतकी जंगी परीक्षा घेतली आणि परीक्षेत जो विषय होता तोच सोडला! मग एकेक करून आम्ही थांबलो, कारण गोष्ट गंभीर होती. अक्षरं बारीक ठेवली तर तिला दिसत नव्हती. मोठी केली तर लांबट पडद्यावर चार-पाच ओळी उरत. पुढचं वाक्य डोळ्यांसमोर येईपर्यंत नट ते विसरून मोकळा.

"मी ओरडत होते मोठा घे म्हणून," नणंद म्हणाली. "चल, बदलून आणू. तो लाल दिव्यांचा पैलवान अजून असेल."

"त्याला घेऊन बसावं लागेल, वन्सं. एका जागी बसले की मी अर्ध्याच स्टेजची. मग कानातलं यंत्र काय वाईट?"

नणंदेनं बदलीसाठी काढलेली पावती परत पर्समध्ये ठेवली.

रंगीत तालमीच्या दुपारी चाहूल लॅपटॉप घेऊन गेलीच. "चार तर चार ओळी," म्हणाली. आम्ही दोघं सोबत होतो. रंगपटात नायिका केसांना पिना लावत होती, लेखक कोपऱ्यात बसून अजून एक वाक्य बदलत होता. चाहूल तोंडावर पाणी मारायला गेली आणि नणंदेच्या लक्षात आलं, की कळांच्या फटीत बिस्किटाचा चुरा आहे. झालं! तिनं रुमाल काढला आणि लॅपटॉप असा पुसायला घेतला, जसं काही ते पितळेचं भांडं. दहा कळा एकदम दबल्या असतील. पडदा एकदा काळा झाला, परत आला, आणि सगळी अक्षरं आडवी! संहिता कुशीवर झोपलेली!

"अगं बाई, मी नाटक पाडलं!" नणंद किंचाळली.

मी मान वाकडी करून बघितलं. लेखकानं मान वाकडी करून बघितलं. कुणालाच ते सरळ करता येईना. बाहेर घंटा वाजली, चाहूल धावत आली, तिनं पाहिलं, आणि नणंदेकडे अशी नजर टाकली, की मी मधे उभा राहिलो.

"वहिनी, माझं चुकलं..."

"नंतर भांडू. आता वेळ नाही," म्हणून तिनं लॅपटॉप उचलला आणि अक्षरं वाचता यावीत म्हणून तो फिरवून उभा धरला.

पुस्तकासारखा! डावं पान कळांचं, उजवं पान अक्षरांचं. पडदा आता उंच झाला होता. मोठ्ठी अक्षरं, आणि वरपासून खालपर्यंत ओळीच ओळी. खाली नेणाऱ्या बाणाची कळ नेमकी तिच्या डाव्या अंगठ्याखाली आली. तिनं अंगठा दाबला, ओळी वर सरकल्या. पुन्हा दाबला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग विंगेत पळाली, पोरीसारखी.

मी प्रेक्षागृहात दिग्दर्शिकेच्या मागे बसलो. पहिल्याच प्रवेशात नायिका त्या दुपारी बदललेल्या वाक्याशी येऊन थबकली. डावीकडच्या पडद्याची कड हलली, नायिका बोलू लागली आणि बोलत बोलत उजवीकडे गेली. तिथं नायकाचं काम करणारा अडखळला. उजवा पडदा हलला. पुढे दोघं पार मागच्या खिडकीशी गेली, तिथं नायिकेनं श्वास घेतला आणि खिडकीचाच पडदा हलला! मला हसू आवरेना. मी तोंडावर रुमाल धरला.

अंक संपला. दिग्दर्शिका उठली आणि सहायकाला म्हणाली, "कानातल्या यंत्रांच्या माणसाला नको म्हणून कळव." मग विंगेकडे तोंड करून, "मावशी, पहिल्या प्रयोगाला लवकर या. लेखक अजून लिहितोय."

चाहूल घामाघूम बाहेर आली. लॅपटॉप अजून हातावर, पुस्तकासारखाच. नणंद कासावीस होऊन पुढे झाली.

"वहिनी, त्या दुकानातल्या पोराला बोलावते. तो करेल गं सरळ."

चाहूलनं लॅपटॉप छातीशी घट्ट धरला. "वन्सं, त्याला सरळ करायला कुणी आलं, तर मी तुमचे दोन्ही हात आडवे करीन!"