पिवळी अक्षरं

आज चष्म्याचा नंबर पुन्हा वाढला आणि इंदिरानगरच्या घरातला आमचा पहिला संगणक आठवला. कॉलेजात असताना मी त्यावर मोठ्या थाटात समुद्राची थीम लावली होती. मासे पोहत, बुडबुडे वाजत. निवृत्त टायपिस्ट बाबांना त्यावर लोकांचे अर्ज टाइप करायचे होते, पण मोतीबिंदूमुळे त्या समुद्रात त्यांना फाइलच सापडेना. दोन दिवस खटपट करून त्यांनी पडदा काळा केला, अक्षरं पिवळी, बोटभर मोठी.

“बाबा, एसटीची पाटी केलीत की!” मी वैतागलो.

“लांबून वाचता येते, म्हणून गाडी चुकत नाही,” म्हणत ते टाइप करू लागले.

आज मीही पडदा काळा केला.

“ई, बाबा, काय हे!” लेक ओरडली.

मी अक्षरं पिवळी, बोटभर मोठी केली. मलाही गाडी चुकवायची नव्हती.