पट एकेचाळीस, हजर बेचाळीस

मी सूक्ष्मजीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे. नांदेडला एम.एस्सी. करते. काचेच्या बशीत वाढलेल्या जिवाणूंच्या वसाहती मोजणे हे माझे रोजचे काम. एकदा मोजायचे, मग उलट्या दिशेने पुन्हा मोजायचे, आकडे जुळले तरच वहीत लिहायचे. या सदरातले गूढ अनुभव मी वाचते, पण दहापैकी नऊ ठिकाणी मला निरीक्षणातली चूक दिसते. त्यामुळे माझाच अनुभव इथे लिहिताना थोडे अवघडल्यासारखे होत आहे. लिहिण्याचे कारण असे, की गेल्या आठवड्यात आमच्या दहावीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शाळेच्या आठवणी निघाल्या आणि कोणीतरी निरोप समारंभाच्या दिवशीच्या फळ्याचा फोटो टाकला. खाली लिहिले होते — “मॉनिटर मॅडमची एकमेव चूक.”

फळ्याच्या कोपऱ्यात माझ्याच अक्षरात लिहिले आहे : पट ४१, हजर ४२.

आमची शाळा कंधार तालुक्यातल्या एका गावात. आठवी ते दहावी मी वर्गाची मॉनिटर होते. रोज सकाळी फळ्यावर तारीख, सुविचार आणि कोपऱ्यात पट-हजर लिहायचे काम माझे. वर्गात चौदा बाक, प्रत्येकावर तिघे. नववीत पट बरोबर बेचाळीस होता — एकही जागा रिकामी नसे. मुलींच्या तिसऱ्या बाकावर मनीषा, मध्ये मी आणि भिंतीकडे वंदना.

वंदना वर्गात पहिली यायची, मी दुसरी. हजेरीला सगळे “हजर सर” म्हणत. ती “हाजिर सर” म्हणायची. तिच्या आजोबांची बोली तशी होती, तिच्याही तोंडी तीच बसली. मुले तिला ‘हाजिरबाई’ म्हणून चिडवत. ती म्हणे, “मी हाजिर तरी हाव. तुम्ही तर बाकावर बसून बी गैरहजर.”

नववीच्या दिवाळीनंतर तिच्या आईचे लातूरला ऑपरेशन ठरले. पुढे आईला घेऊन शिरूर अनंतपाळजवळ मामाच्या गावी दोन महिने राहावे लागणार होते. जाण्याच्या आदल्या दिवशी तिने रजेचा अर्ज माझ्या हातात दिला. “सरांना दे. माझं नाव कमी करू देऊ नको. वार्षिकला मी येणार म्हंजे येणार.”

मी तो अर्ज प्रयोगवहीत ठेवला. त्याच दुपारी वह्या सरांनी तपासायला घेतल्या आणि माझी वही अर्जासकट कपाटात गेली. मी विसरले, हे खरे. आठ दिवसांनी वही परत आली, अर्ज समोर दिसला, आणि तरीही मी तो दिला नाही — हेही खरे. दरम्यान घटक चाचणी झाली होती आणि मी पहिली आले होते. सरांनी वर्गात दोनदा विचारले, “वंदनाचा काही निरोप हाय का?” मी मान खाली घालून बसले. महिनाभर वाट पाहून सरांनी तिचे नाव कमी केले, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर ‘पट ४१’ मी स्वतः लिहिले. तिचे वडील येऊन दाखला घेऊन गेले. ती परत आलीच नाही.

दहावीचे पूर्ण वर्ष भिंतीकडच्या त्या जागेवर माझे दप्तर असे.

आता निरोप समारंभाचा दिवस. फेब्रुवारीतला गुरुवार, दुपारचे साडेबारा. लख्ख ऊन, खिडक्या उघड्या. सरांनी प्रत्येकासाठी परीक्षेचे पेन आणले होते, एकेचाळीस. आदल्या दिवशी मी आणि मनीषाने ते मोजून, प्रत्येकावर ‘यश मिळो’ लिहिलेली कागदाची पट्टी डिंकाने चिकटवली होती. सर म्हणाले, “मॉनिटर, शेवटचा पट-हजर लिही बाई.”

मी फळ्यापाशी उभी राहून मोजले. बाकांवर एकेचाळीस, आणि मी धरून बेचाळीस.

पुन्हा मोजले, उलट्या दिशेने. बेचाळीस.

मग बाक मोजले. मी उभी होते, म्हणजे खोलीत दोन जागा रिकाम्या हव्या होत्या — एक माझी, एक दप्तराची. रिकामी एकच होती. मनीषा बसलेली, शेजारची माझी जागा मोकळी, आणि पलीकडे... पलीकडे कोण होते हे मी आजही सांगू शकत नाही. कोणीतरी होते, एवढेच सांगू शकते. मोजताना आपण चेहरे पाहत नाही, जागा भरलेली आहे की नाही तेवढे पाहतो. आणि त्या खोलीत मला एकही व्यक्ती अनोळखी वाटली नाही.

मी ‘हजर ४२’ लिहिले. वर्ग हसला.

“विज्ञानात पैकीच्या पैकी, आन् मोजणीत नापास?” सर म्हणाले. त्यांनी बोट फिरवत स्वतः मोजले. हसू ओसरले. त्यांनी हजेरीपट उघडला आणि एकेक नाव घेतले. एकेचाळीस नावे, एकेचाळीस ‘हजर’. त्यांनी पट मिटला.

तेव्हा मुलींच्या बाजूने, अगदी सहज आवाजात आले — “हाजिर, सर.”

कोणी हसले नाही. एकीने नक्कल केली असेल, असे सर नंतर म्हणाले. असेलही. पण त्यांनी पेने वाटली ती बाकावर जाऊन, हातोहात. मी शेवटची. माझ्यापर्यंत येईतो डबा रिकामा झाला होता.

जागेवर परतले तेव्हा दप्तर जमिनीवर होते, भिंतीला नीट टेकवलेले. पलीकडची जागा मोकळी.

“दप्तर कोणी खाली ठेवलं?” मी मनीषाला विचारले.

“तूच की. सकाळपासून तिथंच हाय.”

मी ठेवले नव्हते.

बोर्डाची परीक्षा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी मी आईला घेऊन एस.टी.ने अहमदपूरमार्गे वंदनाच्या मामाच्या गावी गेले. आई रस्ताभर कुरकुरत होती, “लोक परीक्षेआधी नवस बोलतात, हिला परीक्षा झाल्यावर आठवलं.” अर्ज माझ्या पिशवीत होता.

वंदना ओसरीवर हरभरा निवडत होती. तिच्या आईची तब्येत सुधारली होती, पण मोलमजुरीला हात कमी म्हणून सगळे तिथेच राहिले होते. मला पाहून ती म्हणाली, “ये मॉनिटर. निरोप समारंभ झाला म्हण की.”

मी अजून काही बोललेच नव्हते. “तुला कोणी सांगितलं?”

“कोण सांगतंय इथं? मामीसंगं हरभरा उपटून राहिले होते. एकदम तोंडातून निघालं, हाजिर सर. मामी म्हणली, ऊन लागलं पोरीला, बस सावलीला. मग मलाच वाटलं, आज तिकडं निरोप असंल.”

“कधी?”

“बाजाराच्या दिवशी. दुपारची येष्टी नुकतीच गेलती.”

त्यांचा बाजार गुरुवारी भरतो. एस.टी. साडेबाराची. फेब्रुवारीत गुरुवार चार असतात, त्यामुळे याला पुरावा म्हणता येणार नाही. मी त्याच ओसरीवर मनात हे गणित केले होते.

मग मी अर्ज काढून तिच्यासमोर ठेवला आणि सगळे सांगितले. पहिल्या नंबराचेही.

तिने स्वतःचाच अर्ज शेवटपर्यंत वाचला. बराच वेळ हरभऱ्यातले खडे काढत राहिली. मग म्हणाली, “मला वाटलं, सरांनी वाचून बी कमी केलं. म्हणून मी पुन्हा विचारायला आलेच न्हाई.”

मी तिच्या शेजारी बसून खडे वेचू लागले.

“आता कशाला आलीस?”

“सतरा नंबरचा फॉर्म भरू. बाहेरून दहावी देता येते. दाखला आहे ना?”

“पेटीत हाय,” ती म्हणाली. आणि अर्जाची घडी घालत, “इंग्रजीचं तू शिकवायचं.”

पावसाळ्यात फॉर्म सुटले तेव्हा मी पुन्हा गेले. सही करायला तिने फळीवरच्या डब्यातून एक निळे पेन काढले. तसली पेने कुठल्याही दुकानात मिळतात. मी ते हातात घेतले, तेव्हा टोपणाखाली बोटाला चिकट लागले. कागद नव्हता, फक्त डिंकाचा बोटभर पट्टा.

“हे कुठून आणलंस?”

“घरातच पडलेलं होतं. उन्हाळ्यापासनं हाय. का गं?”

“काही नाही,” मी म्हटले. तिने सही केली.

ती दहावी झाली, बारावी झाली. आता लातूरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्या दुपारबद्दल विचारले की म्हणते, “ऊन लागलं असंल मला.” सरांना विचारले, तर ते विषय बदलतात. माझ्याकडे सामूहिक भ्रम, नक्कल, मोजण्यातली चूक, माझी अपराधी भावना असे चार तर्क आहेत. एकही तर्क सगळ्या निरीक्षणांना पुरत नाही. दप्तर कोणी उचलले आणि माझ्या वाट्याचे पेन कुठे गेले, हे मला माहीत नाही. बहुधा कधीच कळणार नाही.

त्या फोटोखाली मी ग्रुपवर एवढेच लिहिले, की फळ्यावर चूक आहे हे मान्य. पण हजरचा आकडा मी दोनदा मोजला होता. चुकलेला होता तो पट.