पडद्याच्या अलीकडचा दिवा: मनामाच्या सिनेगॉगमधली एक सकाळ

"शुक्रवारी सिनेगॉगला, आमच्या प्रार्थनामंदिरात, जायचं," रिबेकामावशीने विमानतळावरच जाहीर केलं. "मॉल-बिल नंतर बघू."

रिबेकामावशी ही माझ्या आईची रेवदंड्याची शाळासोबतीण. बेने इस्राएली, म्हणजे कोकणात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी ज्यू. आईबरोबर ती आमच्याकडे, बहरेनमधल्या ईसा टाउनला, राहायला आली होती. त्या शुक्रवारी तिच्या यजमानांना, डेव्हिडकाकांना, जाऊन वर्ष होत होतं. गावच्या सिनेगॉगमधल्या दिव्यात तेल घालायचं काम आयुष्यभर त्यांचंच. आता तिथे प्रार्थनेपुरतीही माणसं उरलेली नाहीत, दार बहुतेक बंदच असतं. म्हणून मावशीने घरच्या नारळांच्या तेलाची बाटली पिशव्यांत गुंडाळून बॅगेतून आणली होती. "वर्षाच्या दिवशी दिवा लागलाच पाहिजे. कुठे का होईना."

तुम्हाला जायचं असेल तर आधी फोन करून विचारा. ते रोज उघडं नसतं. खांदे झाकणारे कपडे घाला. ईसा टाउनहून मनामाला बस मिळते, भाडं अगदी किरकोळ. मी टॅक्सीचं म्हटलं तर मावशी म्हणाली, "गुडघ्याचं ऑपरेशन चालण्यासाठीच केलं ना?" बाब अल बहरेनच्या कमानीजवळ आम्ही कडक चहा घेतला आणि बाजारात शिरलो. शुक्रवारी सकाळी दुकानं उशिरा उघडतात, गल्ल्या शांत असतात. तरी मावशी दर थोड्या अंतराने भिंतीला हात टेकून थांबत होती. मी हात पुढे केला की नुसती मान हलवायची.

सिनेगॉग छोटंसं, नीटनेटकं. समोर लाकडी कपाट, त्यात धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या, त्यावर जाड पडदा, आणि वर एक दिवा. मावशी निवृत्त शिक्षिका, त्यामुळे तास सुरू झाला.

"आमचे पूर्वज वाळवंटात भटकत होते तेव्हा देवाचं घर तंबूत होतं. बाहेर हातपाय धुवायला पितळेचं गंगाळ. आत सात फाट्यांचा सोन्याचा दीपवृक्ष, मेजावर बारा भाकरी, धूपवेदी. मग अंतरपट. त्याच्यामागे कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी."

"अंतरपट? आपल्या लग्नातला?"

"शब्द तोच. आणि गंगाळ कशाचं होतं माहितीये? बायकांनी दिलेल्या पितळी आरशांचं. बारा कुळांच्या बारा भाकरी. कुळ मोठं असो की लहान, भाकर एकच."

तिने बाटली काढली तेव्हा तिथली देखरेख करणारे एझ्रा पुढे आले. वयस्कर बहरेनी गृहस्थ, बाजारात वाढल्यामुळे हिंदी बोलणारे.

"माताजी, तेल नहीं। ये बत्ती बिजली का है। अंदर आग मफी।" मफी म्हणजे इथल्या बोलीत 'नाही'.

"हम इसी के लिए आया है।"

"मालूम। लेकिन मना है।"

मावशी बाकावर बसली. मी हळूच म्हटलं, "घरी लावू या ना."

"घरी मी लावीनच. पण त्यांनी आयुष्यभर सगळ्यांसाठी लावला. मी लावल्याशिवाय जाणार नाही."

एझ्रांनी घड्याळ पाहिलं. मला अवघडल्यासारखं झालं. त्यांचंही चूक नव्हतं. मावशी मात्र पडद्याकडे एकटक बघत होती. मग एकदम उठली.

"दीपवृक्ष अंतरपटाच्या आत नव्हताच," ती मला म्हणाली. "अलीकडे होता. आत अंधार. उजेड देवाला नको होता गं, येणाऱ्या माणसाला हवा होता." आणि एझ्रांकडे वळली. "दरवाजे के बाहर चलेगा?"

एझ्रांनी दाराबाहेरची पायरी पाहिली. मग आत जाऊन चहाचा काचेचा पेला घेऊन आले. खाली पाणी, वर चमचाभर तेल, त्यात मावशीने वळलेली वात. बाहेरच्या पायरीवर वारा होता. दोन काड्या विझल्या. तिसऱ्या वेळी एझ्रा गुडघ्यांवर बसले आणि त्यांनी दोन्ही तळहातांचा आडोसा केला. वात पेटली.

मावशीने प्रार्थनेत नवऱ्याचं नाव घेतलं. "डेव्हिड." एरवी ती त्यांना "हे" म्हणायची, तिच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. तिचा आवाज कापला, पण प्रार्थना तिने पूर्ण केली. "आमेन," एझ्रा म्हणाले. तेल संपेपर्यंत ते आमच्याजवळ उभे राहिले. कुलूप लावायची घाई त्यांनी केली नाही.

घरी आलो तर आईबरोबर थांबलेली माझी मुलगी ईशा दारातच. "वॉज ही स्ट्रिक्ट?" तिने डेव्हिडकाकांबद्दल विचारलं. वर्षभर काकांचा विषय निघाला की उठून जाणारी मावशी सोफ्यावर बसली आणि त्यांच्या बेसूर गाण्याची नक्कल करू लागली. आई हसून हसून रडली.

देवाच्या घरातलं सामान देवासाठी असतं असं मला वाटायचं. त्या सकाळनंतर तसं वाटत नाही. मावशी परत गेली. आता दर रविवारी ईशा तिला फोन करते. ही इंग्रजीत विचारते, ती मराठीत सांगते, आणि फोन कोणीच ठेवत नाही.