माझ्या जिवाची शपथ

एसटीत मी कंडक्टर आहे, कळंब-बार्शी गाडीवर. एकदा येरमाळ्याला चढलेल्या दोन बायका पुढच्या सीटवर माझ्याच घराची चर्चा करत होत्या. कंडक्टरणीचा पोरगा पावडरीच्या नादाला लागला, आई सदा ड्युटीवर, मग दुसरं काय होणार. मी मशीन पुढं केलं आणि म्हटलं, "त्यो माझाच पोरगा. बोला, कुठलं तिकीट देऊ?" बार्शी येईपर्यंत दोघी खिडकीबाहेर बघत बसल्या. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं.

अशा पोराच्या आईनं मान खाली घालून चालावं, अशी लोकांची अपेक्षा असते. मी का घालू? माझा पोरगा आजारी आहे, त्यानं कुठं दरोडा घातलेला नाही. पुण्याला कंपनीत होता, तिथं सवय लागली आणि गावी परत आला तो निम्मा होऊन. दिवसभर झोपायचा, उठला की खोटं बोलायचा. त्याचे वडील शेत बघतात, मोजकंच बोलतात. त्यांनी एकदा त्याला गोठ्यात धरून मारलं आणि मग स्वतःच जेवले नाहीत.

मी त्याला सोलापूरला दवाखान्यात ठेवलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समोर बसवून समजावलं. पाय पुन्हा घसरू शकतो. घसरला तर लाजू नका, त्याच दिवशी इथं या. लपवलं तर मात्र जिवावर बेतेल, कारण मधे खंड पडला की पूर्वीएवढी पावडर अंगाला सोसत नाही. एवढी एकच गोष्ट मी घट्ट धरून घरी आले. त्यानं सांगायला हवं, बस.

आमच्याकडं देवीची परडी थोरल्या घरी असते. वेताची टोपली, भोवती कवड्या, मंगळवारी तीच घेऊन जोगवा मागायचा. त्या परडीवर हात ठेवून जो शब्द दिला तो मोडायचा नाही, ही आमच्या घराची रीत. एक दिवस मी ड्युटीवर असताना थोरल्या दिरांनी पोराला बोलावून घेतलं, परडीवर हात ठेवायला लावला आणि वदवून घेतलं की पुन्हा घेतली तर माझी आई मरेल. संध्याकाळी त्यांनीच मला हे कौतुकानं सांगितलं. डॉक्टरला जमलं नाही ते आपण एका शब्दात केलं म्हणाले. गच्च भरलेल्या गाडीवर ओरडणारी मी, पण थोरल्या दिरांपुढं सुनेनं तोंड उघडायचं नाही, हेही रीतीतच बसतं. पदर सारखा केला आणि चहा टाकला.

पुढं काही महिने बरे गेले. देवीनं राखलं, असं जो तो म्हणायचा.

श्रावणात गावभर चिकनगुनिया आला आणि मी आडवी झाले. सांधे असे धरले की उठून पाणी घेता येईना. पोरगा माझ्या खाटेपासून हलत नव्हता. मला वाटलं, वा, पोरगं सुधारलं. एका दुपारी डोळा लागला होता, जाग आली तर हा माझ्या नाकाखाली बोटं धरून बसलेला. श्वास चालू आहे का ते बघत होता.

"काय करतूस रं?" मी विचारलं.

तो रडायलाच लागला. "आई, म्या घेतली. आठ दिस झालं. म्हणून तू पडलीस."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"काय सांगू? तुला मारायला निघालोय म्हणून सांगू?"

मला ताप होता, पण त्याहून जास्त संताप आला. पाडलं होतं मला डासानं आणि खुनी ठरला होता माझा पोरगा. ज्या शब्दानं त्याला वाचवायचं होतं, त्याच शब्दानं त्याचं तोंड शिवलं होतं. अशानं तो एक दिवस कुठल्यातरी कोपऱ्यात गुपचूप मेला असता, आणि पुन्हा लोक म्हणाले असते, शपथ मोडली ना, म्हणून.

त्याच दिवशी त्याच्या वडिलांनी त्याला सोलापूरला नेलं. तो परत आला आणि मला उभं राहता येऊ लागलं, त्या सकाळी मी ड्युटीवर निघण्याआधी बापलेकाला घेऊन थोरल्या घरी गेले. अंगात खाकी होती, डोक्यावर घ्यायला पदरच नव्हता. दिरांना म्हटलं, परडी खाली काढा. त्यांना वाटलं मी नवस बोलायला आले, म्हणून काढलीही. मी पोराचा हात धरला, आमचे दोघांचे हात परडीवर ठेवले आणि देवीलाच म्हटलं, "आई, ह्या पोरानं माझ्या जिवाची शपथ घेतली. जीव माझा हाय, आन् मला कुणी इचारलं न्हाय. ती शपथ म्या मोडते. कोपायचं तर माझ्यावर कोप."

दीर लालबुंद झाले. शब्द मोडणाऱ्याचं वाटोळं होतं, पुन्हा ह्या घरात पाऊल टाकू नका म्हणाले. मी त्यांना म्हटलं, तुम्ही वडीलधारे आहात, तुमच्या पाया पडते, पण शब्द मागं घेत नाही. खरंच पाया पडले. दारात उभ्या मालकांनी त्या अख्ख्या प्रकरणात एकच वाक्य टाकलं, "चल, गाडी चुकंल."

वाटेत मी पोराला सांगितलं, घेऊ नकोस. पण घेतलीस तर आधी मला सांग. मी तशी मरणारी बाई नाही.

आता भावकी आमच्याकडं फिरकत नाही. लग्नाची आमंत्रणं येत नाहीत, हळदीकुंकवाला कुणी बोलावत नाही. नाही बोलावलं तर नाही, माझी सुट्टी वाचते. पोरगा अजून पूर्ण बरा नाही आणि होईलच अशी खात्री मला कुणी दिलेली नाही.

परवा बार्शी स्टँडवर असताना त्याचा फोन आला. लोकांची पोरं नोकरी लागल्याचा फोन करतात. माझ्या पोरानं जो फोन केला त्याचा मला अभिमान वाटला, ज्याला हसायचं त्यानं खुशाल हसावं.

"आई, आज घेतली," तो म्हणाला. मग त्यानं विचारलं, "तू बरी हाईस न्हवं?"

"म्या ठणठणीत हाय," मी म्हटलं. "आवरून बस. येतेच म्या, सोलापूरला जायचंय."