दहा नंबरचा पाना

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली होती. जतमध्ये सांगली रस्त्यावरच्या पत्र्याच्या गॅरेजात मानसिंग माने पाटावर पाने मांडत होता. बत्तीसपासून सहापर्यंत, उतरत्या क्रमानं, सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला. शेजारी जॅक, हातोडी, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर. १९९९ सालची खंडेनवमी, सोमवार. त्याची बायको मनुबाई हिनं प्रत्येक पान्याला हळदकुंकवाचं बोट लावलं, झेंडूची फुलं ठेवली. नारळ फुटला. आता दसऱ्याच्या सकाळपर्यंत या हत्यारांना कुणाचा हात लागणार नव्हता.

नारळाचं पाणी वाटीत पडत असतानाच रस्त्यावर गाडीचा आवाज आला. मानसिंगनं मान वर केली ती गाडी दिसायच्या आधी. टर्बोची डिझेल गाडी होती, पण तिची शिट्टी येत नव्हती. धुराच्या जोरावर फिरणारं एक छोटं चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं, त्याला टर्बो म्हणतात. गाडी जोर लावायला लागली की त्याची बारीक शिट्टी ऐकू येते. ही गाडी नुसती घरघरत होती आणि मागं काळ्या धुराचा पट्टा सोडत होती.

गाडी लालासाहेब कोडग यांची. जतच्या दक्षिणेला बावीस किलोमीटरवर त्यांची डाळिंबाची बाग आहे. मागच्या सीटवर त्यांची बायको संयोगिता होती, वय एकोणचाळीस, पाय उशीवर.

"फौजी, गाडी वडत न्हाई," लालासाहेब खाली उतरत म्हणाले. "चढाला दुसऱ्या गिअरवर आणली. सायकलवाला पुढं गेला."

"आन् त्यानं मागं वळून बघितलं पण," संयोगिता आतून म्हणाली. "घंटी वाजीवली न्हाई, एवढीच इज्जत ठिवली."

हसायला कुणाला वेळ नव्हता. संयोगिताच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. दर सोमवारी आणि गुरुवारी मिरजेच्या एका रुग्णालयात तिचं डायलिसिस होई. आजची पाळी साडेनऊची. दहापर्यंत वाट बघतात, नंतर यंत्र पुढच्या पेशंटला देतात. उद्या दसऱ्याची सुटी, त्यामुळे आजची यादी गच्च होती. आज चुकलं तर बुधवार. जुलैत जुनी जीप बंद पडून एक पाळी चुकली होती, तेव्हा तिसऱ्या दिवशी तिच्या फुप्फुसात पाणी भरलं आणि आठ दिवस ती ऑक्सिजनवर होती. त्यानंतर लालासाहेबांनी ही गाडी घेतली.

जत ते मिरज, चांगल्या चालणाऱ्या गाडीला पावणेदोन तास. सातची एसटी गेली होती. स्टँडवरच्या वडापच्या, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या, जीपा आज पूजेसाठी धुवायला काढल्या होत्या. लालासाहेबांनी दोघांना विचारलं, दोघांच्याही जीपांच्या सीटा बाहेर काढून वाळत घातलेल्या.

"पावणेआठला हितनं निघाय पायजे," लालासाहेब म्हणाले. "लय झालं तर आठ."

मानसिंगनं पाटाकडं पाहिलं आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या. त्याच्या डाव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांना पेरं नाहीत.

मानसिंग मूळचा कोरेगाव तालुक्यातल्या रहिमतपूरचा. अठराव्या वर्षी सैन्यात गेला आणि वीस वर्षं गाड्यांच्या दुरुस्तीच्या तुकडीत होता. हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर दोन वर्षं कुपवाडच्या एका वर्कशॉपात काढली. १९९४ च्या खंडेनवमीला तिथं एक टेंपो आला. माल अडकला होता. मालक म्हणाला, जॅक उचल. मानसिंगनं पूजेतला जॅक उचलला, लावला, जॅक घसरला आणि बोटं गेली. तो याला देवाचा कोप म्हणत नाही. योगायोगही म्हणत नाही. पण त्यानंतर सासुरवाडीच्या गावात, जतला, स्वतःचं गॅरेज टाकलं आणि चार खंडेनवम्या त्यानं हत्याराला हात लावला नाही.

म्हणून त्यानं आज नुसत्या हातांनी सुरुवात केली.

डिझेल फिल्टरच्या तळाचा प्लास्टिकचा नळ बोटांनी सैल करून काचेच्या पेल्यात थोडं डिझेल काढलं. उजेडात धरलं. पाणी नाही, गाळ नाही. तसंही डिझेल कमी पडलं असतं तर धूर एवढा काळा झाला नसता. काळा धूर म्हणजे डिझेल भरपूर आणि हवा कमी.

"हवा कुठंतरी गळतीया, न्हाईतर येतच न्हाई," तो म्हणाला. "मनु, साबणाचं पाणी आण. फेस कर लय."

इंजिन चालू ठेवून टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या रबरी पाइपांवर, एकेका जोडावर, त्यानं फेस ओतला. लालासाहेबांनी ॲक्सिलरेटर दाबला. फुगा कुठंच आला नाही. मानसिंगनं पाइप मुठीत धरला. दाब चढला की हा पाइप हाताखाली कडक होतो. तो मऊच राहिला.

सात अठ्ठावीस.

"टर्बो गेला असंल," लालासाहेब म्हणाले. "सांगलीत एक मेस्त्री म्हणला होता, ह्या गाड्यांचा टर्बोच जातो."

"सांगलीच्या मेस्त्रीनं गाडी बघितली का?"

"न्हाई. फोनवर."

"मग फोनवरच दुरुस्त करायला सांगायचं होतं."

एअर फिल्टरच्या डब्याला चार स्प्रिंगच्या क्लिपा असतात, त्या हातानं उघडतात. मानसिंगनं झाकण काढलं. आतला कागदी फिल्टर जवळजवळ नवा होता. जमिनीवर आपटला तरी चिमूटभर धूळ पडली नाही. त्यानं तो परत बसवला, झाकण लावलं आणि पुढच्या गोष्टीकडं वळला. ही त्याची चूक होती आणि त्यात सात मिनिटं गेली. त्या सात मिनिटांत त्यानं टर्बोच्या अंगाला कान लावला, हात भाजून घेतला, धुराच्या पाइपाच्या तोंडाशी तळवा धरून मागचा रस्ता मोकळा असल्याची खात्री केली.

संयोगिता गाडीतून उतरून दारातल्या बाजेवर बसली होती. मनुबाईनं सवयीनं तांब्या पुढं केला. तिनं मान हलवली. दिवसभरात तिला पेलाभर पाण्याची मुभा होती, त्यातलं निम्मं सकाळच्या गोळ्यांना गेलेलं.

"किती वाजलं?" तिनं विचारलं.

"साडेसात झालं," लालासाहेब म्हणाले.

"आवं, खोटं बोलू नगासा. माझ्याबी हातात घड्याळ हाय. पावणेआठला दहा कमी."

मानसिंग बॉनेटवर हात टेकून उभा होता. सैन्यात असताना दोन उन्हाळे त्याची तुकडी लडाखला होती. साध्या इंजिनांचे ट्रक खिंडीच्या वरच्या वळणांवर असेच काळे धूर सोडत आणि माणसाच्या चालीनं चढत. तिथं इंजिनात बिघाड नसायचा, विरळ हवेत त्याला श्वास पुरायचा नाही. जत काही लडाख नव्हे, इथं हवेला तोटा नाही. म्हणजे गाडीच्या नाकातच काहीतरी होतं. आणि नाक फिल्टरच्या अलीकडं असतं, पलीकडं नाही.

त्यानं पुन्हा चारही क्लिपा उघडल्या. हवा नाकाऐवजी तिथून आत यावी म्हणून झाकण तिरकं करून बोटभर फट ठेवली आणि ते सुतळीनं बांधलं.

"बसा लालासाब. एक किलोमीटर."

सांगली रस्त्यावर तिसऱ्या गिअरला गाडीनं एकदम ओढ घेतली. शिट्टी आली. मानसिंग खिडकीतून मागं बघत होता. धूर नव्हता.

"आली की!" लालासाहेब ओरडले. "सुतळीनं आली!"

"वळवा."

परत येईपर्यंत सात सत्तेचाळीस झाले. गाडी थांबल्याबरोबर मानसिंगनं विचारलं, "काल गाडी धुतली का?"

"व्हय. पूजेला धुवाय नको? टँकरच्या पाइपानं धुतली. इंजिन पण चकाचक केलं."

"हवेच्या तोंडात बोळा घातला होता?"

"घातला की. ट्रॅक्टरला घालतो तसा. पाणी आत जाऊ नये म्हणून." त्यांच्या आवाजात शहाणपणाचा थोडा अभिमान होता. "आन् काढला पण. आठवणीनं काढला."

"किती बोळं घातलं होतं?"

ट्रॅक्टरच्या हवेचं तोंड उघड्यावर असतं, चिंधी बाहेर लोंबत राहते. या गाडीचं तोंड डाव्या दिव्याच्या मागं, पत्र्याच्या आत होतं, आणि रुंद होतं.

"दोन," लालासाहेब म्हणाले.

बाजेवरून संयोगितानं आधी नवऱ्याकडं आणि मग आभाळाकडं बघितलं.

मानसिंगनं फिल्टरच्या डब्यातून हात घातला. पाइप पुढं काटकोनात वळत होता, बोटं वळणापर्यंतच पोचली. दिव्याच्या बाजूनं मनगटच जात नव्हतं. वाकडी केलेली तार घातली, ती रबरावर घसरत राहिली. पाइप बाहेर काढायला दोन बोल्ट खोलावे लागणार होते. दोन्ही दहा नंबरचे.

"ऱ्हाऊ दे," लालासाहेब म्हणाले. "सुतळी बांधून तसंच जातो. आता पळत होती की."

"किलोमीटरभर पळाली. मिरज लांब हाय. फिल्टरला बगल देऊन वाटंवरची वाळू थेट टर्बोत जाणार. त्यातलं चाक मिनिटाला लाखभर फेरं घेतं. एक खडा गेला तर चाक फुटंल. कवठेमहांकाळच्या अलीकडं गाडी बंद पडली तर वैनींना घेऊन काय करणार?"

लालासाहेबांनी पाटाकडं बघितलं. मग मानसिंगच्या डाव्या हाताकडं. सात त्रेपन्न.

"भावजी," संयोगिता म्हणाली, "तवा जॅक होता. ह्यो पाना हाय."

मानसिंग हलला नाही. त्याला वाटत होतं की मनुबाई नको म्हणेल. पाच वर्षांपूर्वी कुपवाडहून रक्तानं भिजलेला टॉवेल तिनंच धुतला होता आणि ही रीत तिनंच लावली होती.

मनुबाई पाटासमोर उकिडवी बसली.

"पलटणीत शस्त्रपूजा असायची न्हवं," तिनं विचारलं. "त्या दिवशी गार्डावरच्याची रायफल पण पूजेला ठेवत होता?"

"न्हाई. गार्डाची गार्डाकडंच."

तिनं ओळीतल्या दहा नंबरच्या पान्यावरचं झेंडूचं फूल उचललं आणि शेजारच्या अकरा नंबरवर ठेवलं. पाना तिनं उचलला नाही.

मानसिंगनं उचलला. पँटला पुसून हळद काढली.

पहिला बोल्ट सरळ सुटला. दुसरा गंजलेला होता. त्यानं पान्यावर हाताच्या तळव्यानं दोनदा ठोकलं, तेव्हा तो करकरत फिरला. डाव्या हातानं बोल्टचं डोकं पकडायला गेला आणि तिथं बोटं अपुरी पडली. बोल्ट निसटला आणि पत्र्याच्या आत कुठंतरी खणखणत गेला.

"जाऊ दे त्यो," तो स्वतःशीच म्हणाला आणि पाइप ओढून काढला.

आत काळंनिळं फडकं आवळून बसलं होतं. हवेनं ओढून वळणात घट्ट केलेलं. ओढलं तशी एक वावभर साडी बाहेर आली, जरीच्या काठासकट.

संयोगिता बाजेवरून उठली. "ही माझी आहेराची साडी."

"जुनी होती," लालासाहेब म्हणाले.

"माझ्या भावाची होती. दोन वरसं हुडकतीया मी. गाडीला नेसवली व्हय?"

"मिरजेपातूर भांडा," मानसिंग म्हणाला. "हितं नगं."

पाइप परत घातला, एक बोल्ट आवळला, दुसऱ्या भोकात तार ओवून पीळ दिला. झाकणाच्या चारही क्लिपा लावल्या. इंजिन चालू केलं, पाइप मुठीत धरला. ॲक्सिलरेटर दाबताच तो हाताखाली कडक झाला.

आठ वाजून चार मिनिटांनी गाडी निघाली. पावणेदोन तास धरले तर नऊ एकोणपन्नास. वाटेत रेल्वेचं फाटक बंद मिळालं तर दहा ओलांडणार होते.

मानसिंग शेजारच्या एसटीडी बूथमध्ये गेला आणि मिरजेच्या डायलिसिस विभागाला फोन लावला. तिथला तंत्रज्ञ सुमंत यानं ऐकून घेतलं. "माने, दहानंतर मी थांबू शकत नाही. पुढचे पेशंट विट्याहून येऊन बसलेत. दहा म्हणजे दहा."

परत आल्यावर त्यानं काही काम केलं नाही, करायला मोकळीकही नव्हती. पाना त्यानं पाटावर ठेवला नाही, खिशात ठेवला. मनुबाईनं पुरणाचा नैवेद्य आणला, तो त्यानं दाखवला. साडेनऊला रस्त्यावर जाऊन उभा राहिला, जणू गाडी तिथून दिसणार होती. दहाला पाच कमी असताना पुन्हा बूथमध्ये गेला. फोन एंगेज. दोन मिनिटांनी पुन्हा एंगेज. तिसऱ्यांदा लागला तेव्हा बूथच्या भिंतीवरचं घड्याळ दहा वाजून एक मिनिट दाखवत होतं.

"आल्या," सुमंत म्हणाला. "नऊ छप्पनला. सुया लावल्यात. साहेब बाहेर बसलेत आणि बाई आतून त्यांना कुठल्यातरी साडीबद्दल बोलतायत. मी ठेवतो."

गॅरेजात येऊन मानसिंगनं खिशातला पाना काढला. पाटावर अकरा आणि नऊ यांच्यामध्ये रिकामी जागा होती. त्यानं पाना तिथं ठेवला नाही. दाराच्या चौकटीत एक खिळा ठोकावा असं वाटलं, पण हातोडी पूजेत होती. मग जुन्या कॅलेंडरच्या खिळ्यालाच पाना अडकवला, गार्डावरच्या रायफलीसारखा हाताशी.

उद्या मंगळवार, दसरा. सकाळी सात वाजता हत्यारं पाटावरून उठतील. पहिली गाडी कोडगांचीच आहे. पाइपाच्या एका भोकात अजून तार आहे, तिथं दहाचा बोल्ट बसवायचा आहे.